हेलिकॉप्टर किती उंचीवर?

इंग्रजी बोलणारा माणूस मोठा विचार करायला लागला की आधी कुठेतरी वर चढतो. पक्ष्याच्या डोळ्यांनी बघतो, हेलिकॉप्टरमधून बघतो, तीस हजार फुटांवरून बघतो, महाकाय माणसांच्या खांद्यांवर उभा राहून बघतो. चढायला काहीच मिळालं नाही तर निदान दोन पावलं मागे सरकतो. मी पुण्यातल्या कंपन्यांमध्ये नव्या भरतीच्या मुलामुलींना ऑफिसात चालणारं इंग्रजी शिकवते, त्यामुळे ही चढाई माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. हिंजवडीत एका दिवसाच्या मीटिंगांमध्ये जितक्या वेळा 'बिग पिक्चर' हे शब्द ऐकू येतात, तितक्या वेळा चहाही येत नाही.

एका बॅचमध्ये लातूरकडचा एक मुलगा होता. बर्ड्स आय व्ह्यू, हेलिकॉप्टर व्ह्यू, थर्टी थाउजंड फूट व्ह्यू हे सगळे समानार्थी, असं पुस्तकात छापलेलं त्याने वाचलं आणि हात वर केला. "मॅडम, हेलिकॉप्टर म्हणजे किती उंचीवरून धरायचं? आणि पक्षी कोणता? चिमणी की घार?" वर्ग हसला. मला मात्र प्रश्न फार आवडला. उंची बदलली की दिसणं बदलतं, हे त्याला शेतावरच्या विहिरीत वाकून बघताना आणि पाण्याच्या टाकीवर चढून बघताना कळलेलं असणार. पुस्तक लिहिणाऱ्याला ते कळलं नव्हतं.

तेव्हापासून या वाक्प्रचारांच्या मागे कोण, कुठे, कशावर चढलं होतं हे मी शोधत असते. बहुतेकांच्या मुळाशी खरीखुरी शिडी, खरा डोंगर, खरा बलून सापडतो. आणि गंमत अशी की वरून दिसलेलं म्हणून जे चित्र आपल्यापुढे येतं, ते पुष्कळदा खालूनच गोळा केलेलं असतं.

पक्ष्यापासूनच सुरुवात करते. पॅरिसवरून माणसाने पहिलं मोकळं उड्डाण केलं ते 21 नोव्हेंबर 1783 ला, माँगोल्फिए बंधूंच्या गरम हवेच्या बलूनमधून. त्याच्या दोन महिने आधी व्हर्सायला मेंढी, बदक आणि कोंबडा यांना वर पाठवून झालं होतं. म्हणजे त्या वर्षापर्यंत कुठल्याही माणसाने गाव पक्ष्यासारखं पाहिलेलंच नव्हतं. तरी 'बर्ड्स आय व्ह्यू' हा शब्दप्रयोग इंग्रजीत त्याआधीच रुळला होता, आणि तशी चित्रं तर त्याहून कितीतरी जुनी.

त्यातलं सगळ्यात थोर चित्र व्हेनिसचं. 1500 साली याकोपो दे बार्बारी नावाच्या चित्रकाराने ते केलं. सहा मोठ्या लाकडी ठशांवरून छापलेलं, सगळे कागद जोडले की पावणेतीन मीटरच्या आसपास रुंद. आंतोन कोल्ब नावाच्या न्यूरेंबर्गच्या व्यापाऱ्याने त्यात पैसा घातला होता; कामाला तीन वर्षं लागली असं त्यानेच सरकारदरबारी दिलेल्या अर्जात म्हटलं आहे, आणि एका प्रतीची किंमत त्याने तीन डुकाट सांगितली होती. चित्रात कालवे, गच्च्या, अंगणं, होड्या, धुराडी सगळं आहे. सान मार्कोच्या उंच घंटाघराचं टोक मात्र सपाट आहे, कारण 1489 मध्ये वीज पडून ते जळलं होतं आणि वर तात्पुरतं छप्पर घातलेलं होतं. इतकी नजर बारीक. पण ज्या जागेवरून हे चित्र दिसतं ती जागा हवेत आहे. तिथे उभं राहायला काही नव्हतं आणि कोणी उभं राहिलंही नव्हतं.

मग काढलं कसं? अभ्यासकांच्या मते गावातल्या निरनिराळ्या घंटाघरांवर चढून आसपासचा एकेक तुकडा टिपला गेला असावा आणि नंतर टेबलावर ते तुकडे जुळवून एका काल्पनिक डोळ्यापुढे मांडले असावेत. तुकडे जोडताना काही भाग ताणला गेला, काही आखडला. पक्ष्याची नजर म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्यात किती जणांचे गुडघे जिने चढून दुखले असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. या चित्राचे मूळ ठसे आजही व्हेनिसच्या कोर्रेर संग्रहालयात आहेत.

बलून आल्यावर तरी लोकांना वरचं दिसणं लगेच कळलं का? तसंही नाही. इंग्लंडमधल्या चेस्टर गावाचा टॉमस बाल्डविन 8 सप्टेंबर 1785 ला लुनार्डी या इटालियन उड्डाणवीराच्या बलूनमधून एकटाच वर गेला आणि पुढच्या वर्षी त्याने त्या एका सफरीवर जाडजूड पुस्तक लिहिलं, 'एअरोपायडिया' नावाचं. त्यात वरून दिसलेल्या देखाव्याची चित्रं आहेत. ढगांचे पुंजके, त्यांच्यामधून डोकावणारी जमीन, नागमोडी नदी. ही चित्रं कशी बघायची याची सूचनाही त्याने दिली आहे: कागदाची नळी करायची, ती डोळ्याला लावायची आणि मग चित्राकडे बघायचं. वाचकाला सवय नव्हती. क्षितिज नसलेलं, वर-खाली नसलेलं चित्र त्याला नुसता रंगांचा पसारा वाटला असता. आपल्याकडे आता शाळकरी पोरगंसुद्धा फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडून आपलं छप्पर ओळखतं, म्हणून हे विचित्र वाटतं. पण पहिल्यांदा हातात पडलेला एक्स-रे आपण कसा उलटसुलट धरतो, ते आठवून बघा.

छायाचित्राला तर आणखी त्रास. पॅरिसच्या नादार या छायाचित्रकाराने 1858 मध्ये बलूनमधून पहिला फोटो काढला, पण तो आज उपलब्ध नाही. त्या काळी काच ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवावा लागे, म्हणजे अंधारखोली टोपलीतच. आणि बलूनमधून गळणारा वायू त्याच्या काचा नासवत होता. आज हातात असलेला सगळ्यात जुना हवाई फोटो अमेरिकेतल्या बॉस्टन शहराचा आहे. जेम्स वॉलेस ब्लॅकने तो 13 ऑक्टोबर 1860 ला, दोराने बांधलेल्या बलूनमधून, साधारण बाराशे फुटांवरून काढला. ऑलिव्हर वेंडेल होम्स या लेखकाने त्याला पुढे जे नाव दिलं त्याचा अर्थ असा की गरुडाला आणि रानहंसाला बॉस्टन असं दिसतं. लातूरच्या त्या मुलाच्या प्रश्नाला एवढं नेमकं उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही. पक्षी गरुड, उंची बाराशे फूट.

उंची वाढवली की नजर किती लांब जाते, याचं एक साधं गणित आहे. ते मला घरातल्या सिव्हिल इंजिनिअरने जेवणाच्या टेबलावर ऐकवलं, आणि विषय निघाला की अजून ऐकवतो. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला 3.57 ने गुणायचं. क्षितिज तितके किलोमीटर लांब. जुहूच्या वाळूत उभ्या माणसाचा डोळा दीड मीटरवर धरला तर त्याचं क्षितिज साडेचार किलोमीटरच्याही आत संपतं. राजाबाई टॉवर 280 फूट उंच. त्याच्या टोकावरून समुद्राकडे जवळजवळ 33 किलोमीटर. कळसूबाई समुद्रसपाटीपासून 1,646 मीटर, म्हणजे हिशेबाने 145 किलोमीटर, अर्थात हवा स्वच्छ असेल आणि मध्ये दुसरा डोंगर येत नसेल तर. आणि ऑफिसातले ते लाडके तीस हजार फूट? 340 किलोमीटर. कळसूबाईच्या साडेपाचपट उंची गाठली आणि नजर अडीचपटही लांबली नाही. वर्गमुळाचा हा कंजूषपणा आहे: दुप्पट लांबचं बघायचं तर चौपट चढा.

आणि बदल्यात काय जातं? निरोगी डोळ्याला साधारण एका कलेपर्यंतचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा, कोन वेगळा ओळखता येतो. तीस हजार फुटांवरून सरळ खाली बघितलं तर तो कोन जमिनीवर पावणेतीन मीटरच्या आसपास भरतो. त्याहून लहान वस्तूला आकार उरत नाही. ट्रक जेमतेम ठिपका. माणूस नाहीच. कुठल्या उपाध्यक्षाने स्लाइडवर 'थर्टी थाउजंड फूट व्ह्यू' असं शीर्षक दिलं की माझ्या मनात हे पावणेतीन मीटर येतात.

लांबी झाली. रुंदीचं, म्हणजे चारी दिशांनी बघण्याचं श्रेय एडिंबरात राहणाऱ्या एका व्यक्तिचित्रकाराला. रॉबर्ट बार्कर मूळचा आयर्लंडचा. एडिंबरात काल्टन हिल नावाची टेकडी आहे. तिथे एका जागी उभं राहून गोल फिरत दिसेल ते सगळं एका सलग चित्रात आणायचं, असं त्याच्या मनात आलं. 1787 मध्ये त्याने पेटंट घेतलं. चित्रांसाठी रेखाटनं केली त्याच्या मुलाने, हेन्रीने, जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या. मग बापलेक लंडनला आले. ब्लॅकफ्रायर्स पुलाजवळ अल्बियन मिल्स नावाची वाफेवर चालणारी पिठाची गिरणी होती. तिच्या गच्चीवरून हेन्रीने लंडन काढलं. 1791 च्या मार्चमध्ये गिरणीला आग लागली. चित्र लोकांसमोर आलं तेव्हा ज्या गच्चीवरून ते दिसत होतं ती गच्चीच उरली नव्हती.

या प्रकाराला बार्करने ग्रीक शब्द जोडून नाव दिलं, पॅनोरमा. 1793 मध्ये लेस्टर स्क्वेअरला त्याची खास गोल इमारत उभी राहिली. तिकीट काढायचं, अंधाऱ्या बोळातून जायचं, जिना चढायचा आणि एकदम मधल्या चौथऱ्यावर यायचं. भोवती चित्र, उजेड वरून, चित्राची वरची आणि खालची कड झाकलेली, त्यामुळे चित्र कुठे संपतं ते कळत नाही. अंधाराचा बोळ मुद्दाम होता; बाहेरचा रस्ता डोळ्यांनी विसरावा म्हणून. स्पिटहेडच्या आरमाराचं चित्र बघताना राणी शार्लटला बोट लागल्यासारखं झालं, अशी एक आख्यायिका सांगतात.

हा धंदा जोरात चालला आणि त्यातून एक मासलेवाईक चित्र निघालं. 1799 च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट कर पोर्टर नावाच्या तरुण चित्रकाराने त्या हल्ल्याचं भलंमोठं अर्धगोलाकार चित्र लोकांपुढे ठेवलं. बघायला झुंबड उडाली. तट, धूर, शिड्या, पडणारी माणसं, सगळं जणू समोर. पोर्टरने तोपर्यंत हिंदुस्थानात पाऊलही टाकलेलं नव्हतं. लंडनकरांना मात्र आपण श्रीरंगपट्टण 'संपूर्ण' पाहिलं असं वाटलं असणार. व्यापक दृश्याचा हा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो. कड लपवलेली असली की चित्राबाहेर काही आहे, हे सुचतच नाही.

लेस्टर स्क्वेअरची ती इमारत पुढे चर्च झाली. आपल्याकडे 'पॅनोरमा' हा शब्द माथेरानला पोचला. ठाण्याच्या ह्यू मॅलेट या कलेक्टरने 1850 मध्ये माथेरान इंग्रजांच्या नकाशावर आणलं आणि मग एकेका कड्याला नावं पडली. त्यातला एक पॅनोरमा पॉइंट. तिकीट लावून दाखवलेल्या खेळाचं नाव खऱ्या सह्याद्रीला! फोनमध्येही तेच नाव बसलंय. मुलं कड्यावर उभी राहून फोन हळूहळू फिरवतात आणि फोन एकेक चौकट शेजारच्या चौकटीला शिवत जातो. हेन्री बार्करचंच काम, फक्त मान दुखत नाही.

शिवण्याचा हा उद्योग सगळ्यात मोठ्या प्रमाणावर झाला तो आपल्याच देशात. 1802 मध्ये विल्यम लॅम्ब्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मद्रासच्या सेंट टॉमस माउंटजवळ साडेसात मैलांची एक रेषा जमिनीवर साखळीने मोजली आणि तिच्यावर त्रिकोण रचायला सुरुवात केली. एका उंच जागेवरून दुसऱ्या दोन उंच जागा दिसल्या पाहिजेत, मधले कोन मोजले की झालं. त्रिकोणाला त्रिकोण लागत उपखंडाचा सांगाडा उभा राहिला. कोन मोजायचा त्याचा मोठा थिओडोलाइट अर्धा टन वजनाचा होता. तंजावर भागात सपाटी. चढायला टेकडी नाही. म्हणून 1808 मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या शिखरावर ते धूड दोरांनी चढवायला घेतलं. गादीवर तेव्हा सरफोजीराजे भोसले होते, आणि भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा त्यांचा लांबलचक मराठी शिलालेख याच देवळात आहे. चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटलं आणि त्याचं पितळी वर्तुळ वाकडं झालं. लॅम्ब्टनने तंबूत स्वतःला कोंडून घेतलं आणि सुमारे सहा आठवडे खपून ते पुन्हा गोल केलं.

हा माणूस उत्तरेकडे सरकत सरकत 1823 च्या जानेवारीत आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. ज्या देशाचं मोजमाप त्याने सुरू केलं तो देश त्याने एका नजरेत कधीच पाहिला नाही, आणि पुढची जवळजवळ दीड शतकं दुसऱ्या कोणीही पाहिला नाही. तरी भिंतीवरच्या नकाशात आपण भारत एका नजरेत बघत होतो. कार्यालयात कोणी 'होलिस्टिक व्ह्यू'ची मागणी केली की मी मुलांना सांगते, आधी विचारा की साखळी घेऊन कोण जाणार.

महाकाय माणसांच्या खांद्यांचंही थोडक्यात सांगते, कारण ते वाक्य जो तो न्यूटनच्या नावावर खपवतो. न्यूटनने ते 1676 मध्ये रॉबर्ट हूकला लिहिलेल्या पत्रात वापरलं हे खरं, पण त्याच्या पाचशे वर्षं आधी, 1159 मध्ये, जॉन ऑफ सॉल्सबरीने ते शार्त्र गावच्या बर्नार्ड या गुरूच्या नावे नोंदवून ठेवलं आहे. फ्रान्समधल्या त्या शार्त्रच्या कॅथीड्रलमध्ये दक्षिणेकडच्या रंगीत काचांत बायबलमधले चार शुभवर्तमानकार चार जुन्या संदेष्ट्यांच्या खांद्यांवर अक्षरशः बसलेले आहेत, पोरं जत्रेत बापाच्या खांद्यावर बसतात तसे. ब्रिटनमधल्या दोन पौंडांच्या नाण्याच्या कडेवरही ते वाक्य अनेक वर्षं कोरलं जायचं. या सगळ्या वाक्प्रचारांत मला हा सर्वांत प्रामाणिक वाटतो. निदान आपल्याला वर कोणी उचललं, ते तो सांगतो.

हेलिकॉप्टरवाला वाक्प्रचार मात्र थेट कचेरीत वाढलेला आहे. शेल या तेलकंपनीने 1970 च्या दशकात अधिकाऱ्यांची पुढची झेप जोखायला काही गुण ठरवले. विश्लेषण, कल्पकता, वास्तवाचं भान, नेतृत्व. आणि त्यांच्याबरोबर 'हेलिकॉप्टर' नावाचा गुण. 1980 च्या दशकात सिंगापूरच्या सरकारनेही आपल्या सनदी अधिकाऱ्यांसाठी ही पद्धत घेतली. शेलच्या मनातला अर्थ फार नेमका होता. प्रश्नाकडे उंचावरून बघता आलं पाहिजे आणि त्याच वेळी त्यातल्या महत्त्वाच्या तपशिलावर नजर ठेवता आली पाहिजे. म्हणून विमान नाही, हेलिकॉप्टर. ते एका जागी थांबतं, खाली येतं, शेतातही उतरतं. आता लोक यातला उतरण्याचा भाग गाळतात.

माझ्या एका बॅचमधल्या मुलीने तिच्या टीमच्या बैठकीत सांगितलं की रात्रपाळी सुटल्यावर कंपनीची गाडी मुख्य रस्त्यालाच सोडते, आतला अंधारा रस्ता चालत जावा लागतो. वरिष्ठ म्हणाले, लेट्स लुक अॅट द बिग पिक्चर. झालं, विषय संपला. व्याकरणात काही चूक नव्हती. पण हा वाक्प्रचार खालून वर जाताना मी अजून ऐकलेला नाही. कनिष्ठाने वरिष्ठाला 'सर, बिग पिक्चर बघा' म्हणून बघावं! म्हणून मी वर्गात आता याचं उत्तरही शिकवते: व्हॉट डू वी सी व्हेन वी लँड? नम्र आहे, इंग्रजी आहे, आणि हेलिकॉप्टर खाली आणतं. त्या मुलीने ते वापरलं की नाही माहीत नाही. गाडी मात्र पुढे दारापर्यंत यायला लागली, असं तिने कळवलं.

फार उंचावरून काढलेल्या एका प्रसिद्ध फोटोची गोष्ट वर्गाला हमखास आवडते. अपोलो 8 चं यान 1968 मध्ये चंद्राभोवती फिरत होतं. तिघे अंतराळवीर चंद्राच्या पृष्ठभागाचे फोटो काढायला गेले होते. 24 डिसेंबरला खिडकीतून अचानक पृथ्वी वर येताना दिसली आणि बिल अँडर्स रंगीत फिल्मसाठी घाई करायला लागला, कारण कॅमेऱ्यात नेमकी काळी-पांढरी होती. तो फोटो म्हणजे 'अर्थराइज'. पोस्टरांवर, तिकिटांवर, पुस्तकांवर तो सगळीकडे असाच दिसतो: खाली चंद्राची राखाडी जमीन, वर अर्धी निळी पृथ्वी. अँडर्सच्या कॅमेऱ्यातली चौकट तशी नव्हती. चंद्राची उत्तर वर धरली तर जमीन उजव्या बाजूला उभी येते आणि पृथ्वी तिच्या डावीकडे. खालची जमीन खाली दिसावी म्हणून छापताना फोटो आडवा फिरवला गेला.